वंजिरम इल्लै

शोळिंगनल्लूरला समुद्र आहे, ही गोष्ट तिथे राहणाऱ्या बऱ्याच लोकांच्या ध्यानात नसते. पत्ता सांगताना आम्ही ओएमआर, म्हणजे ओल्ड महाबलिपुरम रोड, म्हणतो, कंपनीचं फाटक सांगतो, मेट्रोच्या बांधकामाचा कुठला खांब ते सांगतो. चेन्नईच्या दक्षिणेकडचं हे गाव २०११ मध्ये महानगरपालिकेत गेलं. आयटी कंपन्यांनी ते त्याच्या आधीच ताब्यात घेतलं होतं. चौकातून पूर्वेला वळायचं, बकिंगहॅम कालव्यावरचा पूल नाक दाबून ओलांडायचा, की अक्करैला ईस्ट कोस्ट रोड लागतो. त्याच्या पलीकडे बंगल्यांची कुंपणं संपली की बंगालचा उपसागर. सगळं मिळून तीनेक किलोमीटर. १८७७-७८ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हा कालवा पुढे खणला गेला, आणि त्यातून मद्रासला मीठ न् सरपण यायचं. आमच्या पुलाखालून सध्या त्यातून काय येतं, ते खाण्यापिण्याच्या लेखात लिहू नये.

मासे आम्हाला समुद्राच्या बाजूने येत नाहीत. ते फोनमधून येतात. आदल्या रात्री बोट टेकवलं की सकाळी एक घामाघूम मुलगा दारात बर्फगार पिशवी ठेवून जातो. पिशवीवर माशाचं नाव असतं, वजन असतं, तुकड्यांची जाडी असते, किती मिनिटं तळायचा तेही असतं. मासा कोणत्या किनाऱ्याचा, कसल्या जाळ्यातला आणि बाहेर निघाला तेव्हा वयाने केवढा होता, एवढंच नसतं. कोणी विचारतही नाही.

आमच्या संकुलात मराठी घरं बरीच आहेत. पुण्या-नाशकाकडून आलेल्यांचं माशांचं ज्ञान सुरमईपासून सुरू होतं, पापलेटवरून जातं आणि कोळंबीपाशी संपतं. (कोळंबी हा मासा नव्हे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो.) आम्ही अलिबागकडचे. आमचं ज्ञान पुष्कळ मोठं. मांदेली, मुडदुशी, शिंगाळा, निवटे, चिंबोऱ्या. कुठली मासळी कैरी घालून करायची, कुठलीला आमसूलच हवं, कुठली नुसती मीठ-मसाल्यात घोळवून तव्यावर टाकायची, यावर आम्ही तासभर बोलू शकतो. बोलून झाल्यावर ऑर्डर मात्र आम्हीही सुरमईचीच देतो. इथे तिला वंजिरम म्हणतात, आणि पाहुणा घरी आला नि ताटात वंजिरम नसला तर चेन्नईचा यजमान दिलगिरी व्यक्त करतो. आमच्याकडे तरी काय वेगळं? जावयाला तारलीचं कालवण वाढलं तर ती बातमी गावभर होते.

आता पंचांगाकडे वळू, कारण परप्रांतातल्या मासेखाऊ मराठी माणसाची खरी गंमत तिथे आहे. तमिळनाडूत १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. २००१ मध्ये ही बंदी ४५ दिवसांची होती, २०१७ पासून ६१ दिवसांची झाली. मासळीला अंडी घालायला उसंत मिळावी हा हेतू. मग आपला श्रावण. मग सप्टेंबरच्या मध्यापासून त्यांचा पुरट्टासी, पेरुमाळचा म्हणजे विष्णूचा महिना. एरवी आठवडाभर मासळी खाणारी घरंसुद्धा त्यात शाकाहारी होतात. मग आपलं नवरात्र. २०२३ साली तर श्रावण अधिक आला. त्या वर्षीचं कॅलेंडर काढून बघा: बंदी १४ जूनला उठली. १८ जुलैला अधिक श्रावण लागला, त्यामागून निज श्रावण, तो संपला १५ सप्टेंबरला. १८ सप्टेंबरला पुरट्टासी, १९ ला गणपती. मध्ये पितृपक्ष. पुरट्टासी १७ ऑक्टोबरला सरला तेव्हा घट बसलेले होते आणि दसरा होता २४ ऑक्टोबरला. म्हणजे घरचं आणि दारचं दोन्ही पाळायचं म्हटलं असतं, तर एप्रिलच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतच्या सहा महिन्यांत मासा खायला जेमतेम महिना मिळाला असता. मासळीचे साठे टिकावेत म्हणून कुठल्याही सरकारी समितीने इतकी कडक शिफारस केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आम्ही अर्थात दोन्हींकडच्या फक्त सवलती घेतल्या. श्रावण तमिळनाडूत दिसत नाही. त्याच सुमाराला इथे आडी महिना चालू असतो, अम्मनच्या देवळांपुढे आंबील वाटतात आणि तिच्या जोडीला बऱ्याच ठिकाणी सुक्या मासळीचं झणझणीत कालवण असतं. देवीलाच जिथे चालतं तिथे आपण कोण? आणि पुरट्टासीत सगळं चेन्नई मासे सोडतं म्हणून काशिमेडूच्या बंदरावर भाव उतरतात. त्या महिन्यात आम्ही आपली संस्कृती वेगळी असल्याची आठवण ठेवतो.

बंदीचंही आम्ही असंच केलं आहे. आम्ही म्हणजे देशाने. पूर्व किनारा १५ एप्रिल ते १४ जून बंद, पश्चिम किनारा १ जून ते ३१ जुलै बंद. दोन्ही एकाच वेळी बंद असतात ते दिवस १४. बाकीच्या काळात बर्फ भरलेले ट्रक या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला जातात. मे महिन्यात चेन्नईच्या ताटातला वंजिरम केरळ-कर्नाटकाकडून आलेला असतो, जुलैत गाड्यांची तोंडं फिरतात. माशाला सुट्टी आहे, खाणाऱ्याला नाही. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या शाकारून बसायचा तेव्हा दर्याबरोबर गावाचं तोंडही बंद व्हायचं. फार तर मडक्यात जपलेली सुकट नि बोंबील. आता मे महिन्यात वंजिरम किलोमागे हजाराच्या वर जातो, आणि भाव वाढला की आमच्यातल्या काहींना तो जास्तच चविष्ट लागतो.

माझी आई मे महिन्यात इकडे येते. आमसुलं, वर्षाचा मसाला आणि माझ्या संसाराविषयीची मतं घेऊन येते. पिशवीतला मासा बघून तिने पहिला प्रश्न विचारला, “याचं डोकं कुठाय?” डोकं नाही, कल्ले नाहीत, डोळे नाहीत, ताजा आहे की नाही हे ओळखायचं कशावरून? मी म्हटलं, पाकिटावर तारीख आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यावर दुसरं पाकीट मागवायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घेऊन मी नीलांकरैच्या कुप्पमात, म्हणजे कोळीवाड्यात, गेलो.

बंदीतही तिथे मासळी मिळते, कारण बंदी मोठ्या यंत्रबोटींना असते. फायबरच्या छोट्या होड्या किनाऱ्यालगत जाऊन सकाळी परत येतात आणि बायका वाळूच्या कडेला ताडपत्रीवर मासळी मांडतात. मी पुढे होऊन माझं सगळं तमिळ एका शब्दात वापरलं, “वंजिरम?”

“वंजिरम इल्लै,” ताडपत्रीमागची अक्का म्हणाली.

“वव्वाल?” म्हणजे पापलेट.

“इल्लै.”

माझी यादी संपली. वंजिरम हवाच असेल तर दुकानात जा, तिथे केरळचा मिळतो, असं काहीसं अक्काने सांगितलं आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. आई मात्र तोवर खाली बसली होती. तिच्यासमोर केळंगा होते, लालसर संकरा होते, मूठ-मूठ कवळै होती आणि चांदीच्या चुऱ्यासारखी चमकणारी नेत्तिली. “अरे, ही तर मुडदुशी!” तिने केळंगा उचलला, अंगठ्याने कल्ला वर केला, आतला लाल रंग बघितला, पोट दाबलं. अक्काला आधी राग आला, मग या बाईला कळतंय असं दिसल्यावर तिने स्वतःच खालचे, अधिक ताजे, वर काढून दाखवले. पुढची दहा मिनिटं एकजण मराठीत आणि एकजण तमिळमध्ये भावावर भांडली. दोघींना परस्परांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि कोणाचं काही अडलं नाही. शेवटी अक्काने मूठभर नेत्तिली वरून टाकली, “अम्माला” म्हणून. मला सांगितलं ते एवढंच, की पुढच्या वेळी यांनाच पाठवा.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, “बाजारात जाऊन ‘हे आहे का’ विचारायचं नसतं रे. ‘काय आलंय’ विचारायचं.”

हेच सांगण्यासाठी अलीकडे शास्त्रज्ञांना बरीच मेहनत घ्यावी लागते. सागरी जीवांवर काम करणाऱ्या दिव्या कर्नाड यांनी चेन्नईतून ‘इनसीझन फिश’ नावाचा उपक्रम चालवला. २०१९ चा ‘फ्युचर फॉर नेचर’ पुरस्कार त्यांना मिळाला. मुंबईत ‘नो युवर फिश’वाल्यांनी कोणत्या महिन्यात कोणता मासा टाळावा आणि कोणता बेलाशक खावा याचं कॅलेंडरच काढलं आहे. मुद्दा असा, की आपल्या उष्ण समुद्रात माशांच्या जाती अमाप. एकाच जातीचा अमाप साठा क्वचित. जाळं टाकलं की त्यात पन्नास प्रकार येतात आणि गिऱ्हाईक तीनच मागतं. त्या तिघांच्या मागे बोटी लांब लांब जातात, डिझेल जाळतात, जाळ्याची आसं बारीक करतात, आणि उरलेल्या सत्तेचाळीसांतले पुष्कळसे वाळून, दळून कोंबड्यांच्या नाहीतर कोळंबीच्या खाद्यात जातात. म्हणजे आम्ही त्यांना खातोच, फक्त कोंबडीच्या मार्फत.

समुद्राला अंत नाही ही समजूत काही आपली एकट्याची नव्हे. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सलीसारख्या थोर जीवशास्त्रज्ञाने सांगितलं होतं, की कॉड-हेरिंगसारख्या मोठ्या सागरी मासेमारीला आपल्या पद्धतींनी बहुधा कधी धक्का लागणार नाही. १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांवर माणसं घरी बसली. मद्रास सरकार या बाबतीत हक्सलीपेक्षा शहाणं निघालं. १९४३ साली, मलबार मद्रास इलाख्यात होता तेव्हा, तारलीची पिल्लं वाचावीत म्हणून तिथल्या काही जाळ्यांवर सरकारने निर्बंध घातले. अंमल कोण करणार या प्रश्नापाशी ते अडले आणि १९४७ मध्ये गुंडाळले गेले. पुढे केरळात २०१२ मध्ये तारली जवळपास चार लाख टन निघाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. यात समुद्राच्या तापमानाचा, एल निनोचा हात आहेच. तारली मुळातच लहरी. पण लहरी माणसाच्या पोराबाळांनाही उचलून नेलं तर तो परत येईल कसा?

अंमलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. झुंडीच्या झुंडी वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांना तमिळनाडूने २००० साली बंदी केली. महाराष्ट्रानेही २०१६ मध्ये त्यांना लगाम घातला. तमिळनाडूतलं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम मुभा दिली: १२ सागरी मैलांच्या पलीकडे, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा. मराठी घरात ज्या दोन वारांना मासा चुलीजवळ येत नाही, नेमके तेच. न्यायमूर्तींच्या मनात तसं काही नसणार, पण आईला ही बातमी वाचून दाखवली तेव्हा तिने न्यायालयाविषयी जो आदर व्यक्त केला तो अस्सल होता. “बघ, बाकीचे पाच दिवस तरी सोडले.”

कायद्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र फूटपट्टी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. सातपाटीच्या मच्छीमारांची ती जुनी मागणी होती. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. केरळने हे २०१५ पासूनच सुरू केलं होतं. महाराष्ट्रात पापलेटसाठीचा आकडा १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. शाळेच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी याहून दीड सेंटीमीटर लांब असते. त्या आकड्याहूनही आखूड पापलेट पकडू नये असा कायदा करावा लागतो, यावरून काय पकडलं जात होतं ते कळावं. आणि पकडलं का जात होतं? मला वाटतं, त्याला मच्छीमाराइतकाच स्टीलच्या ताटाचा दोष आहे. पापलेट थाळी म्हटलं की ताटात अख्खा पापलेट पाहिजे, शेपटीसकट, पण भाकरी, भात, वाटी आणि सोलकढी यांच्यामध्ये तो बसलाही पाहिजे. मोठा पापलेट तुकड्यांनी वाढावा लागतो, तुकड्यात रुबाब नाही. माशाने कोणत्या वयात मरायचं हे अशा रीतीने भांड्यांच्या कारखान्यात ठरतं. आमच्या घरातली एक पट्टी त्या वर्षी स्वयंपाकघरात आली. मुलाने ती शोधून पुन्हा दप्तरात घातली, तेव्हा तिला येणाऱ्या वासाबद्दल वर्गात काय चर्चा झाली ते त्याने आम्हाला सांगितलेलं नाही.

मुशीचं, म्हणजे शार्कचं, प्रकरण अधिक नाजूक आहे. तमिळ घरात बाळंतिणीला सुरा पुट्टू देतात: शार्क उकडून, कुस्करून, लसूण-कांदा घालून परतलेला. दूध वाढतं म्हणतात. आमच्या कोकणातही मोरीचं, म्हणजे मुशीचंच, कालवण बाळंतिणीला चांगलं, असं जुन्या बायका सांगतात. एवढ्या लांबच्या दोन किनाऱ्यांनी एकच औषध शोधावं याचं मला पूर्वी कौतुक वाटायचं. पण बांगडा लाखांनी अंडी सोडतो. मुशीच्या बऱ्याच जाती पोटात वाढवून मोजकी पिल्लं घालतात, तीही उशिरा वयात आल्यावर. एका आईचं दूध वाढावं म्हणून दुसरीचं कूळ बुडवायचं, हे बाळंतपणाच्या खोलीत बोलून दाखवण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. शेजारच्या घरी बारसं झालं तेव्हा मी अळिवाचे लाडू घेऊन गेलो. ते तमिळ घरात कोणी पाहिलेले नव्हते. आजीबाईंनी एक खाल्ला, बराच वेळ चावला, आणि सुनेला सुरा पुट्टू दिला.

मग शेती करा ना माशांची, असं लोक म्हणतात. आम्ही अलिबागकडचे लोक याला हसतो, कारण खारेपाटात घराघराच्या तळ्यांत जिताडा सोडलेला असतो आणि पाहुण्याची लायकी बघून तो काढला जातो. तोच जिताडा इथे कोडुवा या नावाने भेटला तेव्हा मला भरून आलं. त्याहून आनंदाची गोष्ट अशी, की निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था, सीबा, चेन्नईतच आहे. ईस्ट कोस्ट रोडने आमच्यापासून अर्ध्या तासावर मुट्टुकाडूला तिचं प्रायोगिक केंद्र आहे आणि १९९७ मध्ये या संस्थेने देशात पहिल्यांदा जिताड्याचं बीज बंदिस्त पाण्यात तयार केलं. आईला हे सांगितल्यावर तिची छाती फुगली. जिताड्याचं कौतुक तमिळ देशात व्हावं हे तिला रास्तच वाटलं. पण जिताडा आहे खादाड आणि पक्का मांसाहारी. त्याला वाढवायचं तर बारीक मासे तरी हवेत, नाहीतर माशांच्या पिठाच्या गोळ्या तरी. हीच गत कोळंबीची. २००९ पासून आपल्याकडे वॅनामेई कोळंबीची तळी पसरली, निर्यात वाढली, आणि त्या तळ्यांत पडणाऱ्या खाद्यातलं पीठ पुन्हा समुद्रातल्याच बारीक मासळीचं. समुद्राची सुटका करायला निघालेला माणूस असा मागच्या दाराने पुन्हा समुद्रातच उतरतो.

याच किनाऱ्यावर जानेवारी ते मार्च कासवं अंडी घालायला येतात. १९८८ पासून विद्यार्थ्यांची एक संघटना नीलांकरै ते बेझंट नगर रात्री चालत जाऊन ती अंडी सुरक्षित ठिकाणी नेते. २०२५ च्या जानेवारीत मेलेली कासवं शेकड्यांनी वाळूवर आली. बोट रात्री किनाऱ्याच्या फार जवळून ओढजाळं नेते, कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही. वंजिरमच्या पाकिटावर हेही लिहिलेलं नसतं. पण आपण पुन्हा आपल्या नेत्तिलीकडे येऊ, कारण ती अजून ओट्यावर तशीच पडलेली आहे.

इतक्या दिवसांत एक गोष्ट मला पटली आहे. आम्ही सुरमईच का खातो याची कारणं चवीची नाहीत, आणि प्रतिष्ठेचीही अर्धीच आहेत. सुरमईला मध्ये एक काटा असतो, तो बाजूला ठेवला की काम संपलं. तुकडी विकत मिळते, हात खराब होत नाहीत, लॅपटॉप उघडा ठेवून जेवता येतं. कवळै, मांदेली, नेत्तिली खायला विद्या लागते. आई कवळैचं शेपूट चिमटीत धरून मधला काटा एका ओढीत काढते आणि उरलेलं तोंडात टाकते, बोलणं न थांबवता. माझ्या मुलाने त्या दिवशी पहिल्याच घासाला आरोळी ठोकली, “बाबा, यात काटा आहे!”

“माशात काटा असतो,” मी म्हटलं.

“सुरमईत नसतो.”

त्याचं म्हणणं चुकीचं होतं, पण त्याला तसं वाढवणारे आम्हीच. एका पिढीच्या बोटांतून काटा काढायची सवय गेली, की समुद्रातल्या निम्म्या जाती तिच्या दृष्टीने खाण्याजोग्या उरत नाहीत. मग तज्ज्ञांनी कितीही सांगितलं की विविध मासे खा, तरी ते विविध मासे साफ कोण करणार, हा प्रश्न कुठल्याच कॅलेंडरात छापलेला नसतो. आमच्या आजोबांच्या काळी त्याचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते आजी देत असे, विळीवर बसून, पाठ मोडेपर्यंत. विविधतेचं आजोबांना फार कौतुक होतं.

माझी बायको सकाळी नऊला कामावर बसते आणि अमेरिका झोपायला गेली की उठते. नेत्तिलीची पिशवी बघून ती म्हणाली, “समुद्र वाचला पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य आहे. साफ तू कर.”

नेत्तिलीचं डोकं नखाने मोडायचं आणि त्याच ओढीत पोटातलं बाहेर काढायचं, की झालं. एका माशाला दोन सेकंद. अर्ध्या किलोत मासे किती असतात हे आधी मोजून ठेवायला हवं होतं. आई खुर्ची घेऊन शेजारी बसली आणि तिने माझ्या कामावर देखरेख केली: हे राहिलं, ते फाटलं, एवढा लगदा करायचा असेल तर चटणीच वाट. मध्ये ऑफिसचा फोन आला, तो मी कोपराने उचलला. दुपारी दोनला जेवण झालं. नेत्तिली कुरकुरीत होती, मुलाने काट्यासकट खाल्ली आणि चिप्सपेक्षा बऱ्या आहेत असा निकाल दिला. संध्याकाळी बायकोने घरातला नवा नियम सांगितला, की जो आणेल तो साफ करेल. त्यानंतर काही आठवडे माझं विविधतेवरचं प्रेम केळंगा आणि बांगडा यांच्यावर स्थिरावलं. मध्यम आकार, मोजके काटे, आणि अक्का ते अरुवामनैवर, म्हणजे आपल्या विळीच्याच सख्ख्या बहिणीवर, चटकन कापून देते.

नेत्तिली ती साफ करून देत नाही. वंजिरमचे तुकडे करायला लोक तिला वीस-तीस रुपये हसत देतात. नेत्तिलीला तेवढ्यात कोण बसेल? आई अलिबागला परतल्यावर एका रविवारी मी अक्काला मोडक्या तमिळमध्ये विचारलं, की नेत्तिलीचे जेवढे पैसे होतील तेवढेच साफ करण्याचे दिले तर? तिने माझ्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे बघितलं. दोघी हसल्या. शेजारीण सरकली, दोघींनी मिळून एक किलो पुढ्यात ओतली आणि माझा चहा संपायच्या आत डोक्यांचा एक ढीग नि माशांचा एक असे दोन ढीग तयार झाले.

घरी आल्यावर बायकोने पिशवी उघडली, बोटाने तपासली आणि किती पडले ते विचारलं. मासे आणि मजुरी मिळून वंजिरमच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. तिने फोनवर त्या दिवशीचा वंजिरमचा भाव काढून हिशेब पुन्हा केला.

“पुढच्या वेळी दीड किलो आण,” ती म्हणाली. “आणि तू हात लावू नकोस.”